काकासाहेबांच्या घरची कप्पी

वैशाखातल्या वादळानं बोरखेडीच्या नदीकाठची विजेची लाईन आडवी केली, तेव्हा काकासाहेबांना वाईट वाटलं असं कुणी म्हणू नये. तोंड त्यांनी वाईट केलं होतं. पडलेल्या खांबांपाशी उभं राहून दोनदा कपाळाला हात लावला, च्यक्‌ च्यक्‌ केलं. मनातून मात्र गडी खूश होता. गावाला आता वायरमनची, म्हणजे त्यांची, आठवण येणार होती.

आठवण येईनाशी झाली होती, हे खरं दुखणं. एक काळ होता, डीपीचा फ्यूज गेला की माणसं त्यांच्या ओट्यासमोर रांगेनं उभी राहायची. कुणी शेंगा आणायचं, कुणी नुसतं गोड बोलायचं. काकासाहेब आत जेवत बसायचे आणि बाहेर माणसं त्यांच्या ढेकराची वाट बघायची. मग शेतात सोलर पंप आले. माणसांना सूर्य पुरला, काकासाहेबांची गरज संपली. घरच्या लाईटसाठी गरज होती, तर तिथं नागसेन आला.

नागसेन टेंभुर्णीचा. तंत्रज्ञ म्हणून वीज कंपनीत काकासाहेबांच्याच सेक्शनला लागला होता. पोरगा काळासावळा, उंच, आणि फोन वाजला की उचलायचा. काकासाहेबांना ह्याचाच राग होता. त्यांची पद्धत वेगळी होती. फोन कोनाड्यात ठेवायचा, वाजू द्यायचा, कुणाचा आहे ते बघायचं, आणि परत वाजू द्यायचा. माणसाची किंमत त्यानं राहते, अशी त्यांची समजूत होती. हा पोरगा पहिल्याच घंटीला 'बोला' म्हणायचा आणि तरी लोक त्याला मान द्यायचे, हे कोडं काही त्यांना सुटत नव्हतं.

एक गोष्ट मात्र अजून त्यांच्याकडे होती. कप्पी. खांब उभा करायची साखळीची कप्पी, सेक्शनची एकुलती एक. ती ऑफिसात न राहता काकासाहेबांच्या माजघरात, गर्डरच्या आकड्याला टांगलेली असायची. कैक साहेब आले आणि गेले, कप्पी तिथंच राहिली. कुठंही खांब उभा करायचा म्हटलं की कुणीतरी त्यांच्या ओट्यापाशी येऊन 'काका, कप्पी पाहिजे' म्हणायला लागायचं. आणि ज्याच्या घरची कप्पी, खांब चढताना हाळी त्याची, हा सेक्शनचा जुना रिवाज. त्यांच्या हाळीवर माणसं दोर ओढायची. काकासाहेबांचं म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना बोलावलं. साहेब नवीन, वयानं काकासाहेबांच्या पोरापेक्षा लहान.

"ठेकेदाराची गाडी तिकडं जाफराबादकडं गुंतलीय," साहेब म्हणाले. "आठवडाभर येत नाही. गावातली माणसं जमवून आपणच खांब उभे करू. नागसेन, माणसं तू जमव. काका, तुम्ही कप्पी आणा."

त्या एका वाक्यात आपण वायरमनवरून हमालावर आलो, असं काकासाहेबांना वाटलं. मोटारसायकल चालू करताना त्यांनी किक इतकी जोरात मारली की पोटरी लचकली.

संध्याकाळी नागसेन ओट्यावर आला. "काका, कप्पीला तेल घालून ठेवतो. उद्या चालायची हाय."

काकासाहेबांनी कप्पी आतून आणून त्याच्यापुढं ठेवली. नागसेन ओट्यावर बसूनच साखळीची एकेक कडी कापडानं पुसत, तेल सोडत राहिला. आत तो कधी आला नव्हता. ये असं कुणी म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. दुर्गाबाईनं चहा दिला. पिऊन झाल्यावर त्यानं रांजणातलं पाणी घेऊन कप धुतला आणि ओट्याच्या कडेला पालथा घातला. पहिल्या दिवशी धुतला तेव्हा कुणी अडवलं नाही, म्हणून तो दरवेळी धुवायचा.

"अंगणवाडीचा पंखा मस्त चालून राह्यलाय रे," दुर्गाबाई म्हणाली. ती गावच्या अंगणवाडीची सेविका. "पण लाईटच न्हाई, तर लेकरं घामानं चिडचिड करतेत."

"दोन दिवसांत आणतो काकू."

आणतो. जणू ह्याच्या बापाची वीज आहे, असं काकासाहेबांना वाटलं. पंख्याचं तर त्यांना ठाऊकही नव्हतं. त्यांच्या बायकोच्या अंगणवाडीचा पंखा दुसऱ्यानं दुरुस्त केला होता आणि ते घरात कुणी बोललं नव्हतं.

"पंखा कवा बिघडला व्हता?" तो गेल्यावर त्यांनी विचारलं.

"उन्हाळा लागला तवाच. तुमाला दोनदा सांगितलं. तुमी बघू म्हन्ले."

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकासाहेब कामाला लागले. माणसं जमवणं म्हणजे काय असतं ते ह्या पोराला दाखवू, म्हणून त्यांनी भावकीतल्या घराघराला फोन लावले. एकाकडे पुतणीची हळद होती. दुसरा बाजाराला निघाला होता. तिसऱ्यानं फोन उचलला नाही, काकासाहेबांसारखाच त्यानंही वाजू दिला. काकासाहेब एकटे कप्पी मोटारसायकलला बांधून नदीकाठी गेले.

नागसेन आधीच पोचला होता आणि खड्डा साफ करत होता. थोड्या वेळानं ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा राधेश्याम ट्रॅक्टर घेऊन आला. मग शाळेतले दोन मास्तर, सुट्टी असूनही. मग आरोग्य उपकेंद्राची संध्या सिस्टर आणि तिचा नवरा. सिस्टरनं वादळाच्या रात्री मोबाइलच्या उजेडात एक बाळंतपण उरकलं होतं, डोळे अजून तांबारलेले होते. नदीपलीकडच्या वस्तीवरची, मळ्यातली अशी आणखी दहाबारा माणसं आली. कुणाच्या खांद्यावर पहार, कुणाच्या हातात फावडं. पाटील, मुसलमान, बौद्ध, वंजारी, सगळे एका खड्ड्याभोवती उभे. काकासाहेबांनी गावात असा जमाव लग्नातसुद्धा पाहिला नव्हता, लग्नात पंगती वेगळ्या पडायच्या.

"तुला कुणी सांगितलं रे?" त्यांनी राधेश्यामला विचारलं.

"नागसेनाचा फोन आल्ता."

"मी बोलावलं असतं तर आला असता का?"

राधेश्यामनं तंबाखू मळायचं थांबवलं. "खरं सांगू का काकासाहेब? माझा नळाचा वॉल फुटला व्हता दिवाळीत, तवा हा पोरगा माझ्यासंगं कमरेइतक्या चिखलात उभा व्हता. त्येचं काम नव्हतं ते, लाईटवाल्याचा आन्‌ नळाचा काय संबंध? तुमी पारावर बसून बोलले व्हते, डावीकडं फिरव, उजवीकडं फिरव."

"बराबर सांगत व्हतो की."

"बराबर सांगत व्हते," राधेश्याम म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकली.

तीन बल्ल्यांची तिकटी उभी राहिली. कप्पी वर बांधली, खांबाला साखळी घातली. दोराला माणसं लागली. नागसेननं अंगठ्यानं काकासाहेबांकडे खूण केली. "हाळी काकांची."

काकासाहेबांनी छाती भरून घेतली. त्यांची हाळी जुनी, वडिलांकडून मोट हाकताना ऐकलेल्या चालीची. पहिला खांब बरोबर उठला. दुसऱ्याला ऊन डोक्यावर आलं. सिमेंटचा खांब तापला होता, हात लावला की चटका बसायचा. तिसऱ्याच्या वेळी काकासाहेबांचा घसा बसला, हाळी मध्येच फाटली, आणि दोर ढिला पडला.

"काका, पानी प्या जरा," नागसेन म्हणाला आणि हाळी त्यानं उचलली.

त्याची हाळी म्हणजे गंमतच होती. तो माणसांची नावं घ्यायचा. "राधेश्यामभाऊचं पोट, ओढा! मास्तरची छडी, ओढा! सिस्टरची सुई, ओढा!" माणसं हसत होती आणि हसता हसता ओढत होती. खांब असा सरसर चढला की काकासाहेबांच्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं.

तेवढ्यात बांधावरून दुर्गाबाई आली. डोक्यावर पाण्याचा हंडा, हातात पोह्यांचं पातेलं, मागून अंगणवाडीची मदतनीस.

"तू इथं कशी?" काकासाहेब म्हणाले.

"नागसेननं फोन केल्ता. मान्सं उपाशी हायेत म्हन्ला."

"मला सांगायचं ना."

"तुमी घरातूनच गेले की. तुमी कुठं सांगितलं मला?"

तिनं सगळ्यांना पोहे वाढले. नागसेनला वाढताना मूठभर शेंगदाणे जास्त पडले, किंवा काकासाहेबांना तसं दिसलं. त्यांच्या पोह्यात त्यांनी शेंगदाणे मोजायला घेतले आणि स्वतःचीच लाज वाटून ताटली खाली ठेवली. नवऱ्याला बायकोचा संशय येतो तसला हा प्रकार नव्हता. पण जे पोटात जळत होतं ते त्याच जातीचं होतं. गाव, ऑफिस, साहेब ह्यांचं एक वेळ जाऊ द्या. आपल्याच घरातल्या माणसाला बोलवायला ह्याचा फोन लागतो?

दिवस मावळला तेव्हा मोठा अवघड खांब तेवढा राहिला होता, नदीच्या वळणावरचा. तो उभा राहिला की गावात उजेड. कप्पी काकासाहेबांनी रिवाजाप्रमाणे घरी आणली. आकड्याला मात्र टांगली नाही. गोठ्यात नेली आणि कडब्याच्या पेंढ्यांखाली सारली. म्हैस त्यांच्याकडे बघत होती. तिच्याकडेही त्यांनी रागानं बघितलं.

कारण सरळ होतं. कप्पीशिवाय तो खांब उठत नाही. नागसेनची हसरी हाळी तिथं फुकट जाईल. माणसं दमतील, चिडतील, उन्हात उभी राहून त्यालाच बोल लावतील. मग कुणीतरी म्हणेल, काकासाहेबांना विचारा. एवढं एक वाक्य त्यांना ऐकायचं होतं.

सकाळी ते रिकाम्या हातानं नदीवर गेले. माणसं कालपेक्षा जास्त होती.

"कप्पी?" नागसेननं विचारलं.

"अडकली. चेन फिरंना झाली. जालन्याला न्यावी लागंल दाखवायला."

नागसेन त्यांच्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि वळला. "दोरानंच उठवू रे. जास्तीचे दोर आना."

काकासाहेब आधाराच्या दोरापाशी उभे राहिले. नागसेननं हाळी दिली. खांब हातभर उठला, माणसांच्या माना फुगल्या, टाचा मातीत रुतल्या. खांब आणखी उठला, अर्ध्यावर आला, आणि तिथंच थरथरू लागला. सिस्टरच्या नवऱ्याचा पाय घसरला. दोर सुटायला लागला. "सोडू नका," नागसेन ओरडला, पण माणसांचं बळ संपलं होतं. सगळे बाजूला उड्या मारून निसटले. राधेश्याम मात्र शेवटपर्यंत धरून राहिला. दोर त्याच्या तळव्यातून सणाणत गेला आणि खांब धाडकन खाली आला.

राधेश्यामनं हात उघडले तेव्हा दोन्ही तळव्यांची कातडी निघाली होती.

सिस्टरनं पिशवीतून कापूस काढला. राधेश्याम दात आवळून बसला होता आणि एवढ्यातही चेष्टा करत होता. "आता आठ दिस नळ कोन सोडनार? गावानं अंघूळ करूच नका."

कुणी नागसेनला बोल लावला नाही. कुणी काकासाहेबांना विचारा असंही म्हटलं नाही. सगळे राधेश्यामभोवती बसले होते आणि काकासाहेब आधाराचा दोर हातात धरून एकटेच उभे होते, तो दोर आता कशालाच आधार देत नव्हता. आपण केलं ते ह्या माणसाच्या हातावर उमटलं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, पण त्यांच्या मनात आलं ते हेच की माझ्यासाठी कुणी असा दोर धरून राहिला नसता.

नागसेन बाजूला बाभळीखाली गेला आणि फोनवर हळू काहीतरी बोलला.

ऊन चांगलं चढल्यावर बांधावर दुर्गाबाई दिसली. डोक्यावर घमेलं, मान ताठ, पदर घामानं भिजलेला. जवळ येऊन तिनं घमेलं उतरवलं. आत कप्पी होती. साखळीत कडब्याच्या काड्या अडकलेल्या होत्या.

काकासाहेबांनी हातातला दोर उगाच गुंडाळायला घेतला.

"ह्यांनी सकाळी सांगितलं व्हतं," दुर्गाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "चेन मोकळी व्हते का बघ, झाली तर घेऊन ये. झाली मोकळी." नवऱ्याकडे तिनं बघितलं नाही.

"वा काका," थोरले मास्तर म्हणाले. "आमाला वाटलं, आज लाईट गेलीच."

"काका हायेत म्हून ती कप्पी अजून चालून राह्यली," नागसेन म्हणाला. साखळीतल्या काड्या तो एकेक करून काढत होता, कुणाला दिसायच्या आत पायाखाली घालत होता. "चला. काका, हाळी द्या."

काकासाहेबांनी हाळी दिली. नावं घ्यावीत असं त्यांना वाटलं, तोंडही उघडलं, पण धाकट्या मास्तरांचं नाव त्यांना येईना. वस्तीवरच्या एकाचंही येईना. ह्या गावात त्यांनी सगळा जन्म तारा जोडल्या होत्या. मग त्यांनी आपली जुनीच हाळी दिली, नावाशिवायची. राधेश्याम पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून तिकडून ओरडत होता, "काकासाहेबांचा घसा, ओढा!" माणसं हसली. खांब उठला, डोलला, आणि खड्ड्यात सरळ उतरला.

दुपारभर तारा ओढून झाल्या आणि दिवेलागणीला नागसेननं सबस्टेशनला फोन करून लाईन चालू करवली. गाव एकदम उजळलं. गल्लीतून पोरं आरोळ्या देत पळाली, त्या आरोळ्यांत एकच नाव होतं, आणि ते काकासाहेबांचं नव्हतं.

ते ओट्यावर बसले होते. आत दुर्गाबाई भाकरी थापत होती, कालपेक्षा जोरात.

"तुला कसं कळलं गोठ्यातलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"त्येचा फोन आल्ता. काकू, कप्पी घरात बघा, न्हाईतर गोठ्यात बघा. आन्‌ आनताना काकांचं नाव सांगा म्हन्ला." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "एकदा बोलले मी खोटं. परत बोलायची न्हाई."

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. नागसेननं कप्पी उतरवून ओट्यावर ठेवली, तो नेहमी बसायचा त्या जागी. निघायला वळला.

"थांब," काकासाहेब म्हणाले. "तुला ठाऊक व्हतं."

"काय काका?"

"अडकली नव्हती ते."

नागसेननं मान खाली घातली. "परवा मीच तेल घातलं व्हतं ना."

"मंग समद्यात बोलला का न्हाईस? राधेश्यामचे हात गेले."

"राधेश्यामभाऊला तवाच सांगितलं मी. त्येंना सांगावंच लागलं. बाकीच्यायला न्हाई सांगितलं. उद्या मळ्याकडची लाईन बाकी हाय. बोललो असतो तर तुमी आले नसते. आन्‌ तारा वढायला तुमच्यासारखा हात आपल्या सेक्शनला दुसरा न्हाई."

दया असती तर काकासाहेबांना राग धरता आला असता. हा तर कामाचा हिशोब सांगत होता. आणि राधेश्याम, तळव्यांची साल गेलेला राधेश्याम, सगळं माहीत असून 'काकासाहेबांचा घसा' म्हणून ओरडत होता. असली माणसं ह्याला मिळतात कुठून?

ते उठले. कप्पीला हात घातला. आज ती उचलेना. कंबर दोन दिवसांच्या कामानं धरली होती. अर्ध्यावर उचलून त्यांनी ती खाली ठेवली.

"जरा हात लाव," ते म्हणाले. "आत न्यायचीय. आकड्याला."

नागसेन जागचा हलला नाही. त्यानं दाराकडे बघितलं, मग दुर्गाबाईकडे. दुर्गाबाई हातातलं पीठ झटकून चुलीपासून उठली आणि दारातला पाट बाजूला सरकवला. मग त्यानं चपला काढल्या, ओट्याखाली सरळ लावून ठेवल्या, आणि कप्पीची दुसरी बाजू धरली.

दोघं माजघरात आले. गर्डर उंच होता. काकासाहेब सवयीनं पाट ओढायला वाकले. गेली कित्येक वर्षं पाटावर चढून, टाचा उंचावून, दोन-तीन झटके देऊन ते कप्पी अडकवत आले होते.

"ऱ्हाऊ द्या काका," नागसेन म्हणाला. त्यानं कप्पी खांद्यावर घेतली, हात वर केला, आणि पाटाशिवायच ती आकड्यात अडकवली.

काकासाहेब पाट हातात धरून उभे होते. बायकोनं त्या पोरासाठी चुलीपुढं ताट मांडलेलं त्यांनी पाहिलं, त्याला बस म्हणून स्वतःही मांडी घातली, त्या धाकट्या मास्तरांचं नाव काय रे म्हणून विचारलंसुद्धा. पण पाटाशिवाय आकड्याला पोचणारी त्याची उंची काही त्यांना सहन झाली नाही.